पास्ता रश्शात शिजवायचा तर पाणी किती, मीठ किती?

खामला_खवय्या

पाकिटावर एकच हिशोब छापलेला असतो: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, शिजला की गाळून घ्या. पाण्याच्या जागी चिकनचा स्टॉक, हरभऱ्याचं पाणी किंवा नागपुरी सावजी रस्सा घेतला तर चव खरंच आत शिरते की वरवर राहते? दहा माणसांसाठी १ किलो पेन्ने, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, करायचा आहे (पाकिटावर ११ मिनिटं लिहिली आहेत). तीन पर्याय डोक्यात आहेत: तर्रीपोह्यावर घालतात ती हरभऱ्याची तर्री, दूध-चीज आणि संत्र्याचा रस. घरी बोअरचं जड पाणी आहे. भांडी म्हणजे ५ लिटरचा कुकर, एक मोठी पसरट कढई आणि पातेली. प्रमाण, मीठ, कुकर चालेल का, आणि कशात मुळीच शिजवू नये, एवढं सांगा.

चाळणी_नको

आधी पास्ता पितो किती ते पाहा, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. १०० ग्रॅम कोरडा पेन्ने शिजून साधारण २३० ग्रॅम होतो, म्हणजे १३० मिली पाणी आत जातं. तुम्ही १ लिटर स्टॉकमध्ये उकळून गाळलात तर ८७० मिली स्टॉक मोरीत गेला. दोन-तीन तास हाडं उकळून काढलेल्या स्टॉकचं असं कोणी करू नये.

दुसरी गोष्ट, आत काय शिरतं? मीठ, साखर, आंबटपणा आणि टोमॅटो-मशरूम-हाडांतला तो चविष्टपणा, कारण हे सगळं पाण्यात विरघळतं. तेलात विरघळणारं काही आत जात नाही, आणि लसूण, मसाला, कोथिंबिरीचा वास तर वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो. शिजवताना घरभर घमघमाट सुटला तर समजा, तेवढा वास ताटातून कमी झाला.

म्हणून गाळायचंच नाही. मोजून घाला, आटवा, उरलेलं पास्त्याला चिकटू द्या. भाताला आधण ठेवतो तसं.

पाणी मोजताना वजनाच्या पटीत सरळ वाढवू नका. तीन भाग वेगळे धरा: पास्ता पिणार ते, वाफ होऊन जाणार ते, आणि शेवटी अंगाला लागायला हवं ते. पिणारं वजनाप्रमाणे वाढतं. वाफ मात्र भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरते, पास्ता किती आहे त्यावर नाही. पसरट कढईत, मध्यम आचेवर, झाकण न ठेवता:

१०० ग्रॅम: ३२० मिली
५०० ग्रॅम: १.१५ ते १.२ लिटर
१ किलो: २.२ लिटर

१०० ग्रॅमचं प्रमाण दहापट केलं तर १ लिटर जास्तीचं पाणी आटवत बसाल आणि तोवर पेन्नेची पेज होईल. खरं तर १ किलो एका कढईत करूच नका. त्याला ७-८ लिटरचं भांडं लागतं, आणि खालचा थर दबून फुटतो. ५००-५०० चे दोन घाणे करा.

मिठात सगळ्यात जास्त लोक फसतात. साध्या पद्धतीत १० ग्रॅम मिठातलं जेमतेम १.३ ग्रॅम पास्त्यात जातं, बाकी पाण्याबरोबर फेकलं जातं. इथे फेकायचं काहीच नाही, घातलेलं सगळं ताटात येणार. ५०० ग्रॅमला रस्सा, चीज, सगळं धरून ७ ते ८ ग्रॅम, म्हणजे सपाट सव्वा चहाचा चमचा पुरे. सुरुवातीला रस्सा चाखून अळणी लागला पाहिजे. तेव्हाच बरोबर लागला तर आटल्यावर खारट होणार, हे नक्की.

कृती: स्टॉकला खळखळून उकळी आणा, पेन्ने एकदम टाका, पहिली २ मिनिटं सतत हलवा. याच वेळी वरचा स्टार्च चिकट होतो आणि नळ्या एकमेकींना धरतात. नंतर दर मिनिटाला एकदा, उलथन्याने तळ खरवडत. ९व्या मिनिटाला एक नळी तोडून पाहा, मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून २-३ मिनिटं. रस्सा डावाला पातळ लेप देतो आहे असं दिसलं की गॅस बंद करा. पूर्ण आटेपर्यंत थांबू नका, गॅस बंद केल्यावरही पास्ता पीतच राहतो.

शेजारी २०० मिली गरम स्टॉक तयार ठेवा. ११ मिनिटांचा पास्ता या पद्धतीत बहुतेक वेळा १३ घेतो.

इतवारी_मसाला

भाऊ, तर्रीचं मी सांगतो, तिथंच सगळे चुकून राहिले.

तर्री म्हणजे वर आलेलं लाल तेल. ते तसंच ठेवून पास्ता टाकला तर हलवताना तेल सगळ्या नळ्यांवर चढते, वाफ खाली कोंडते आणि कढईतून छिटे उडते. शिवाय तिखट तेलात असते, पाण्यात नाही. मिरचीतला झोंबणारा भाग पाण्यात फारसा उतरतच नाही. म्हणून काय करा, रस्सा झाला की १० मिनिटं गॅस बंद करून ठेवा, तेल वर येऊ द्या आणि डावानं वेगळं काढा. एका घाण्याला ५-६ मोठे चमचे तर्री निघाली पाहिजे. खालच्या रश्शात पास्ता शिजवा आणि तर्री वाढताना वरून घाला. पोह्यावर घालतो न, तशीच. ज्याला जितकं सोसते तितकं.

दुसरी चूक वाटणाची. सावजी वाटणात भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल, सगळं दाट. रश्शात घातलं की ते तळाशी बसते, त्यात पास्त्याचा स्टार्च मिसळते आणि पाचव्या मिनिटाले करपते. करपलेली खसखस इतकी कडू लागते का पूर्ण घाणा फेकावा लागन. म्हणून रस्सा गाळा. गाळणीत उरलेलं वाटण फेकू नका, शेवटच्या ३ मिनिटांत परत घाला.

दोन घाण्यांचं प्रमाण: २५० ग्रॅम देशी हरभरा ८ तास भिजवा, ताज्या १.५ लिटर पाण्यात कुकरला ५-६ शिट्ट्या. त्याचं सव्वा लिटरच्या आसपास पाणी निघते. त्यात गाळलेला रस्सा १ लिटर, झाले तुमचे २.२ लिटर. शिजलेला हरभरा बाजूला ठेवा, शेवटी घाला. आधी घातला तर हलवून हलवून फुटते आणि रस्सा दाट होते.

हरभरा शिजवताना सोडा नका टाकू. तेच पाणी पुढं पास्त्याले जाणार आहे, सोड्याच्या पाण्यात पेन्ने पिवळा आणि बुळबुळीत होते.

दाताखाली

चाळणी_नको यांचं गणित बरोबर आहे, पण दहा पानं एकदम वाढायची असतील तर मी ही पद्धत सुचवणार नाही. आटवायच्या पद्धतीत पास्ता शिजणं आणि रस्सा आटणं एकाच क्षणी जुळावं लागतं. १०० ग्रॅमला चुकलं तर चमचाभर पाण्याने सावरतं. अर्ध्या किलोला चुकलं की एक तर वरण होतं, नाहीतर लगदा.

मोठ्या घाण्याला मधला मार्ग बरा. मिठाच्या साध्या पाण्यात ११ पैकी ७ मिनिटं उकळा, गाळा, आणि उरलेली ४ मिनिटं कढईत रश्शात. ५०० ग्रॅमला ५०० मिली गाळलेला रस्सा पुरतो. पास्त्याने बहुतेक पाणी तोवर प्यायलेलं असतं हे मान्य, पण शेवटचा भाग रश्शाचा जातो आणि मुख्य म्हणजे अंगाला लागलेला रस्सा तितकाच राहतो. जिभेला जे लागतं त्यातलं पुष्कळसं अंगावरचंच असतं. यात मात्र रस्सा नेहमीसारखा खारट ठेवा, अळणी नको.

उकळायलाही १० लिटर पाणी लागत नाही. १ किलोला ५-६ लिटर पुष्कळ झालं, सुरुवातीला नीट हलवलं म्हणजे झालं. गाळलेलं पाणी दोन वाट्या राखून ठेवा.

चाळणी_नको

@दाताखाली, गर्दीसाठी मान्य. फक्त सावजीसारख्या तिखट रश्शात आतून फिका पास्ता आणि बाहेरून जळजळीत लेप असा फरक जाणवतो. तो टाळायचा तर तिसरी वाट आहे: भिजवणं. पास्त्याचं पाणी पिणं आणि शिजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाणी तो थंडातही पितो, स्टार्च मात्र ६० अंशांच्या पुढे फुगायला लागतो. पेन्ने थंड, गाळलेल्या, अळणी स्टॉकमध्ये बुडवून फ्रीजमध्ये २ ते ३ तास ठेवा. तो मऊ, पांढरट आणि लवचीक दिसेल. मग गरम रश्शात जेमतेम ३ मिनिटं. ११ मिनिटांची कसरत ३ वर येते आणि घाणे पटापट निघतात.

बाहेर ओट्यावर भिजवू नका. नागपूरच्या मे महिन्यात स्टॉक लवकर आंबतो.

खामला_खवय्या

भिजवण्याची कल्पना पटली. दूध, संत्रं आणि कुकर यांचं कोणी सांगेल का? आणि स्टॉकच्या क्यूबमध्ये मीठ किती धरायचं?

मंद_आच

क्यूबचं आधी. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा, ते मीठ. म्हणजे १००० मिलिग्रॅम सोडियम असेल तर अडीच ग्रॅम मीठ. मग वरच्या ७-८ ग्रॅममधून तेवढं वजा करा. बऱ्याचदा दोन क्यूब घातले की वेगळं मीठ घालायला जागाच उरत नाही.

दूध. आपण शेवया दुधात शिजवतो, तेव्हा त्या आधी तुपात भाजलेल्या आणि सुतासारख्या बारीक असतात, दोन-चार मिनिटांत होतात. पेन्नेची भिंत जाड. तो ११-१३ मिनिटं दुधात ठेवला तर दुधातली प्रथिनं तळाशी चिकटून करपतात आणि पास्त्याचा स्टार्च त्यावर आणखी थर देतो. पहिली तहान पाण्यावर भागवा:

४०० ग्रॅम पास्ता, ६०० मिली पाणी, ४ ग्रॅम मीठ. पाणी जवळपास आटेपर्यंत, ८ मिनिटं. मग ५०० मिली गरम दूध, थंड नाही. मंद आचेवर ४-५ मिनिटं, हात न थांबवता. गॅस बंद. मग १२० ते १५० ग्रॅम किसलेलं चीज. प्रोसेस्ड चीज घेतलंत तर एकजीव होतं, कारण त्यात चरबी आणि पाणी धरून ठेवणारे क्षार असतात. नुसतं चेडर उकळत्या दुधात टाकलं तर तेल सुटून तळाशी चघळ गोळा बसतो.

दुधात टोमॅटो, लिंबू, चिंच यांपैकी काहीही आलं की ते फाटलंच. ताकात करायचं असेल तर कढीसारखं ५०० मिली ताकाला १ मोठा चमचा बेसन आधीच फेटून लावा, आणि पास्ता बाहेर शिजवून शेवटची २ मिनिटंच त्यात घाला.

संत्रं. रसात शिजवू नका. कितीही मोह झाला तरी नाही. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की कडवटतो. बिया आणि पातळ पडद्यांतून रसात उतरलेला घटक आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन कडू. ताजा पिताना कळत नाही, १० मिनिटं उकळला की घशाला लागतो. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस तर सगळ्यात वाईट. वर त्यातली साखर तळाला लागते आणि वास उडून जातो. म्हणजे जे हवं ते गेलं आणि जे नको ते उरलं.

पास्ता साध्या स्टॉकमध्ये करा. गॅस बंद केल्यावर ५०० ग्रॅमला १०० मिली हाताने पिळून गाळलेला रस आणि एका संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग किसून घाला. पांढरा भाग आला की कडू. बाजारातल्या चकचकीत फळावर बरेचदा मेणाचा लेप असतो, साल वापरायची तर कोमट पाण्याने घासून धुवा. साय किंवा क्रीम घालायचं असेल तर आधी क्रीम, भांडं थोडं निवल्यावर रस. उलट केलं किंवा नंतर उकळलं तर २५ टक्के चरबीचं क्रीमही फाटू शकतं.

कुकर चालतो. ५ लिटरच्या कुकरमध्ये ४०० ग्रॅमच्या वर नको, कारण पास्त्याला फेस येतो आणि तो शिट्टीच्या नळीत अडकतो. पास्ता आणि पाणी मिळून अर्ध्याच्या खाली हवं, वर १ चहाचा चमचा तेल. ४०० ग्रॅमला ८०० मिली गाळलेला पातळ स्टॉक. मध्यम आचेवर १ शिट्टी, गॅस बंद, ४ मिनिटं थांबा, मग शिट्टी थोडी थोडी उचलून वाफ सोडा. एकदम उचलली तर स्टार्चचं पाणी छतापर्यंत जातं. दूध, दाट टोमॅटो ग्रेव्ही, वाटण घातलेला रस्सा कुकरमध्ये नको, तळ लागतो आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

बन्सी_रवा

सगळे पाण्याबद्दल बोलत आहेत, पास्त्याबद्दल कोणी विचारलंच नाही. पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सूजी’ लिहिलेलं हवं. किराण्यात सुटी मिळणारी मॅकरोनी कित्येकदा साध्या गव्हाच्या रव्याची किंवा मैद्याची असते. जास्त पाण्यात उकळून गाळली तर तिचं भागतं, आटवायच्या पद्धतीत मात्र तिचा सगळा सुटलेला स्टार्च कढईतच राहतो आणि खळ होते. ड्युरम म्हणजे काही परकं नाही. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा, म्हणून बन्सी रव्याच्या शेवया मोकळ्या राहतात.

कोरडा पास्ता आधी भाजता येतो. ५०० ग्रॅमला २ मोठे चमचे तेल, मध्यम आचेवर ५-६ मिनिटं, बदामी होईस्तोवर. शेवयांच्या उपम्याला भाजतो तसं. खमंगपणा येतो आणि पृष्ठभाग कमी चिकटतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाकडे फिदेउआ नावाचा पदार्थ असाच होतो: आखूड बारीक नूडल्स तेलात भाजून मग माशाच्या स्टॉकमध्ये आटवतात. भाजलेल्याला वेळ एखाद मिनिट जास्त धरा.

बोअरचं जड पाणी. उकळल्यावर ते आणखी अल्कधर्मी होतं आणि अशा पाण्यात पास्त्याचा वरचा थर जास्त सुटतो, चिकट होतो. पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी असेल तर तेच घ्या. बोअरचंच असेल तर लिटरमागे अर्धा चहाचा चमचा लिंबाचा रस. त्याहून जास्त नको. खूप आंबट पाण्यात उलटा त्रास होतो, पास्ता लवकर मऊ पडत नाही. म्हणून दाट टोमॅटो सॉसमध्ये कच्चा पास्ता अर्धा तास ठेवला तरी मधे कडकच राहतो. एक तर आंबट, वर सुटं पाणी कमी.

बीट आणि अंबाडीच्या फुलांचा काढा दिसायला छान, पण अंबाडीचा लाल रंग जड पाण्यात जांभळट-करडा होतो आणि बिटाचा उष्णतेने फिकटतो. रंग हवा तर शेवटच्या दोन मिनिटांत घाला.

इतवारी_मसाला

बन्सी_रवा ताई म्हणते ते दाटपणाचं एकदम बराबर. आपल्या वरणफळाले पाहा न. वरण पातळ असलं तर फळं शिजते, दाट असलं तर वरून गिळगिळीत आणि आतून पिठूळ. तीच गोष्ट पास्त्याची. फरक एवढा का फळाच्या कणकीत आधीच तिसरा हिस्सा पाणी असते, कोरड्या पास्त्यात आठवा हिस्साही नसते, तर तो जास्त पिते.

फळांच्या जागी पास्ता टाकायचा तर १०० ग्रॅम तुरीची डाळ शिजवून, घोटून, पाणी घालून १.२ लिटर करा. ताकासारखं पातळ दिसलं पाहिजे. त्यात १५० ग्रॅम लहान मॅकरोनी. हिंग-लसूण-कढीपत्त्याची फोडणी वरून. चिंच, आमचूर शेवटी, पास्ता मऊ झाल्यावर. पुरणाच्या दिवशी कट उरते, तोही चालते, फक्त निम्मं पाणी घाला त्यात.

दाताखाली

आटवण्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करतो. इटलीत बारी शहरात स्पॅगेटी आल्लासास्सिना करतात, ती साध्या पाण्यात होऊच शकत नाही. लोखंडी पसरट तव्यात सढळ तेल, लसूण, सुकी मिरची, थोडा टोमॅटो, त्यावर कच्ची स्पॅगेटी आडवी पसरायची आणि न हलवता खाली करपू द्यायची. बाजूला टोमॅटो पेस्ट विरघळवलेलं गरम पाणी असतं. चर्र आवाज बदलून तडतड झाली की एक डाव घालायचा, उलटायचं, परत करपू द्यायचं. ३०० ग्रॅमला १ लिटरच्या आसपास टोमॅटोचं पाणी धरा. आपला बिडाचा तवा चालतो, पण नीट मुरलेला हवा. नवा असेल तर टोमॅटोने लोखंडाचा वास उतरतो. एका वेळी दोन-तीन जणांपुरतीच होते. दहा जणांना नाही.

खामला_खवय्या

ठरलं: हरभरा आणि गाळलेला सावजी रस्सा, पेन्ने आधी फ्रीजमध्ये भिजवून, दोन घाणे. भिजवताना पास्ता बरंच पाणी पिणार, तर मग कढईत किती रस्सा ठेवायचा? आणि पहिला घाणा दुसरा होईपर्यंत कसा टिकवायचा?

चाळणी_नको

भिजवायला १.५ लिटर हरभऱ्याचं पाणी घ्या, कमी पडलं तर साधं पाणी घालून पुरं करा. तो पिऊन उरेल ते फेकू नका, अर्धं अर्धं दोन्ही घाण्यांत घाला. शिवाय घाण्यामागे ३५० ते ४०० मिली गाळलेला रस्सा. रस्सा आधी उकळता हवा, थंड पास्ता पडला की उकळी बसते. परत उकळी आली की तिथून ३ मिनिटं मोजा.

पहिला घाणा थोडा कच्चा असतानाच, अडीच मिनिटांवर, उतरवा. पसरट परातीत मोकळा करा, खोल पातेल्यात नको, तिथे स्वतःच्या वाफेत शिजत राहतो. २ चमचे तर्री लावून ठेवा म्हणजे चिकटणार नाही. दुसरा घाणा झाला की पहिला त्यातच १५० मिली उकळता रस्सा घालून एक मिनिट परता. हरभरा, वाटण आणि कोथिंबीर तेव्हाच.

उरला आणि दुसऱ्या दिवशी गरम करायचा तर १०० ग्रॅमला ३० मिली पाणी, झाकण, मंद आच. रस्सा नका घालू, मीठ वाढतं.

इतवारी_मसाला

आणि तर्री वाटीत वेगळी ठेवजा. दहात एखादा तरी पाहुणा पुण्याचा निघते.